तळ्याकाठची हरणे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी अंग, दोन भिंगे आणि एक आरसा, एवढाच माझा संसार. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, खिडकीशी मला जागा मिळाली. गाईगुरांचे रक्त, मेंढ्यांच्या लेंड्या पाहण्यात माझी वर्षे सुखाने गेली. "याची नजर माझ्यापेक्षा चांगली, आणि हा चष्माही मागत नाही," असे बाई कौतुकाने म्हणत.

मग तो कोरडा उन्हाळा आला. टेकडीखालच्या तळ्याकाठी हरणे मरू लागली. हाडांवर नुसते कातडे, जबड्याखाली सूज. साथ गोठ्यात शिरेल या धास्तीने लोकांनी ठरवले, की गोळ्या घालून कळपच संपवायचा. त्यांत पुढे होते बाईंचे थोरले भाऊ, फळबागेचे मालक.

बाईंनी एका मेलेल्या पाडसाच्या लेंड्या तपासल्या. माझ्या भिंगाखाली जंतांची अंडी खच्चून भरली होती. त्यांनी भावाला बोलावून घेतले.

"दादा, बघ."

ते वाकले. "म्हणजे रोग आहेच की."

"हे जंत यांच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पोट भरलेलं असलं की हरीण ते सोसतं. यंदा चारा नाही, आणि नदीकडची वाट तुझ्या कुंपणानं अडलीय. सगळा कळप एका तळ्यावर. तिथंच लेंड्या टाकायच्या, तिथलंच ओलं गवत खायचं. मग जंत वाढतील नाहीतर काय?"

"कुंपण काढलं तर माझी रोपं खातील."

"खातील थोडी. निदान एका कडेनं वाट सोड. रोपं पुन्हा लावता येतात, दादा."

पाडस अजून अंगणात पोत्याखाली होते. जाताना दादांनी पोते ओढून त्याचे उघडे पाय झाकले. दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या कडेच्या तारा निघाल्या. बंदुका घरीच राहिल्या.

मित्रांनो, सगळी हरणे वाचली असे मी सांगणार नाही. अर्ध्याहून अधिक कळप आधीच गेला होता. त्या वर्षीचे एकही पाडस उरले नाही. उरलेली हरणे नदीकाठी पांगली, चारा मिळाला, अंगात जीव आला. पुढच्या वर्षी त्यांच्या लेंड्यांत अंडी होतीच, पण तुरळक.

आता माझ्या भिंगांवर बुरशी चढली आहे. नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. त्याची तक्रार नाही. मागणे एवढेच, की रानातले जनावर आजारी दिसले तर लगेच बंदूक शोधू नका. त्याची वाट कोणी अडवली ते आधी पाहा. ते पाहायला भिंग लागत नाही.