एक वाजता सुरू होणारं मशीन

कृष्णकांत चुरींनी तारापूरच्या एमआयडीसीत, रसायनांच्या कारखान्यात, बत्तीस वर्षं रिअ‍ॅक्टर सांभाळला आणि निवृत्त होताना एक खोड घरी आणली. मशीन लावलं की ते सोडून हलायचं नाही. मिक्सर फिरत असला तरी शेजारी पहारा. त्यांची बायको सुलू हसायची, "अवो, चटणी हाय ती, पळून नाय जायची." पण त्या खोडीमागे पुंडलिक होता. त्यांच्याच पाळीतला हा पुंडलिक पाच मिनिटं चहाला गेला आणि परत येतो तर प्लँटला आग. माणसं वाचली, पण कृष्णकांतांच्या मनातला धसका काही गेला नाही.

पुढे सुलूची बोटं आखडली. भांडी घासणं दूरच, एसटीत चढताना दांडासुद्धा धरवेना. लेकीने, दिशाने, पुण्याहून भांडी धुण्याचं मशीन पाठवलं. बोईसरच्या त्यांच्या सोसायटीत पाणी सोडतात साडेबाराला, म्हणून तिने फोनवरच शिकवलं, "आई, सकाळी नऊला भांडी भर, चार तासांचं बटण दाब आणि खुशाल फिरायला जा. एक वाजता ते आपलं आपण सुरू होईल." सुलू हरखून गेली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिची सकाळ मोकळी झाली होती. कृष्णकांतांनी मात्र मशीनसमोर खुर्ची टाकली. बटण दाबलं म्हणजे मशीन चालू, हा त्यांचा हिशेब.

मनोरला सुलूची थोरली बहीण रखमा अंथरुणाला खिळली होती. एका सोमवारी सकाळी तिचा स्वतःचाच फोन आला, आवाज अगदी खोल गेलेला. "सुलू, आजच ये गं. बोंबलाची चटणी आण." सुलूने तासाभरात चटणी करून डबा भरला, भांडी मशीनमध्ये लावली, बटण दाबलं आणि चांगलं लुगडं नेसून दाराशी उभी राहिली.

"मशीन लावलंय," कृष्णकांत म्हणाले.

"एकला लागंल ते. आपण दुपारपर्यंत येऊ."

"नि पाण्याचा पाइप सुटला तर? खाली दुसऱ्याचं घर हाय. बुधवारी जाऊ."

"मग बंद करा नि चला."

"कालच्या सुरमईची भांडी हायेत. घरभर वास सुटंल."

सुलूला एकटीला एसटीत चढता येत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती आत गेली. लुगडं बदलून आली आणि डबा ओट्यावर ठेवला.

एक वाजता मशीन सुरू झालं. कृष्णकांत समोर बसून राहिले. पाइप सुटला नाही, थेंबभर पाणी सांडलं नाही. साडेतीनला ते आपलं आपण थांबलं. संध्याकाळी भाच्याचा, भावेशचा फोन आला. रखमा चार वाजता गेली होती. दिवसभर दाराकडे बघत होती म्हणे.

ते रात्रीच मनोरला गेले. सुलूला बहिणीचं तोंड दिसलं, पण मिटलेलं. परत आल्यावर तिने चटणी कावळ्यांना घातली आणि डबा मशीनमध्ये ठेवला. नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं कृष्णकांतांना रोज वाटायचं. खुर्ची त्यांनी उचलून गॅलरीत नेली, पण त्याचा आता काय उपयोग होता?

बाराव्याला जायचं होतं. त्या सकाळी कृष्णकांतांनी स्वतः भांडी भरली, चार तासांचं बटण दाबलं, दाराला कुलूप लावलं. सुलूला दंडाला धरून एसटीत चढवलं, खिडकीशी बसवलं. गाडी चिल्हार फाट्याकडे निघाली तेव्हा ते हळूच म्हणाले, "मशीन लावून आलोय. लागंल एकला, आपलं आपण."

सुलूने आखडलेली बोटं पदरात घेतली.

"त्या दिशीपण लागलं असतं," ती म्हणाली.