दरीपलीकडची जोडी

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझी एक नळी खरचटली आहे आणि डाव्या भिंगाच्या कडेला बुरशीचे बारीक जाळे धरू लागले आहे. मित्रांनो, माझे काम सोपे आहे. दूरच्या वस्तूवरून आलेला प्रकाश माझ्या भिंगांतून आत येतो, लोलकांत वळतो आणि ती वस्तू जवळ आल्यासारखी दिसते. ती खरोखर जवळ येत नाही.

नागसेनने मला सीताबर्डीच्या एका दुकानातून आणले. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाण्याची तपासणी करतो. हिवाळ्यात राखेच्या तलावावर येणारी बदके मी त्याला दाखवली. शेजारची मुले मला डोळ्यांना लावून "अबे, किती साफ दिसते!" म्हणायची, तेव्हा मला अभिमान वाटायचा.

सौंसरच्या पुढे सातपुड्यात एक अरुंद, खोल दरी आहे. तिच्या पलीकडच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडे राहत. सुरुवातीला तिथल्या कपारी भरलेल्या दिसायच्या. वर्षांमागून वर्षे गेली तशा त्या रिकाम्या होत गेल्या आणि शेवटी एकच जोडी उरली. हे गिधाड वर्षातून एकच अंडे घालते. त्यामुळे त्या हिवाळ्यात कपारीत पांढऱ्या लवेचे पिल्लू दिसले, तेव्हा नागसेनने माझे चक्र पुन्हा पुन्हा फिरवून ते नीट पाहून घेतले.

गिधाडांना खायला मिळावे म्हणून तो वनखात्याच्या परवानगीने पलीकडच्या खडकावर मेलेली जनावरे नेऊन ठेवत असे. त्याची आई पार्वतीबाई यांना हे मुळीच आवडत नव्हते.

"काहून गा, तुया आजानं ज्या कामाले लाथ मारली, ते तू सुट्टी घिऊन करून राहिला?"

"माय, आजाले गावानं जुंपलं होतं. मी माह्या मर्जीनं जातो."

"मेलेल्या म्हशीले मर्जी समजते का बाप्पा? ढोर ओढनं म्हणजे ढोर ओढनं."

आजोबांना गावची मेलेली जनावरे ओढून न्यावी लागत. मालकाच्या फाटकाबाहेर उभे राहून ते हाक मारायचे, आत त्यांना कोणी घेत नसे. छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यानंतर त्यांनी त्या कामाला पुन्हा हात लावला नाही. म्हणून नागसेनने स्वतःला एक अट घातली होती. मेलेले जनावर न्यायला तो कोणाच्याही फाटकावर जाणार नाही. मालकाने ते गावाबाहेर आणून ठेवावे, तिथून तो उचलेल. जनावराला काही औषध दिले होते का, ते फोनवरच विचारायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे दरीजवळच्या गावातून रुपरावांचा फोन आला. त्यांची म्हैस मेली होती. "औषधपाणी काही केलं होतं का?" असे नागसेनने विचारले, आणि तेवढ्यात फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

आम्ही ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन गावाशी पोहोचलो तेव्हा म्हैस रस्त्याकडेला पडलेली होती. जवळ कोणी नव्हते. थोड्या अंतरावर रुपरावांचे घर दिसत होते.

"चाल, विचारून येऊ," नागसेनचा सहकारी उन्मेष म्हणाला.

"मी फाटकावर नाही जात."

"मंग मी जातो."

नागसेनने म्हशीकडे पाहिले. तिची शिंगे झिजली होती आणि बरगड्या वर आल्या होत्या. "राहू दे. म्हातारी दिसते. वयानंच गेली असंल. ऊन चढून राहिलं, लवकर ठेवून येऊ."

उन्मेषने ट्रॅक्टर वळवून ट्रॉली मागे लावली. म्हैस पलीकडच्या खडकावर ठेवून, मोठा वळसा घालून आम्ही अलीकडच्या काठावर आलो. हवा तापून वर उठू लागली आणि कावळे जमले. मग ती जोडी आभाळातून गोल गोल खाली उतरली. माझ्यातून ती स्वच्छ दिसत होती. दोन्ही पक्षी खात होते आणि त्यांच्या गळ्याखालच्या पिशव्या फुगत होत्या.

"हाटेल चालू झालं रे बाबू," उन्मेष हसला. नागसेनही हसला.

काठावर फोनला रेंज होती. रुपरावांचा फोन आला.

"नेली का जी माही म्हैस? लय हाल झाले तिचे. डॉक्टर रोज येऊन दुखण्याची सुई मारे. कालही मारली. तरी उठली नाही."

"कोणती सुई, भाऊ?"

रुपरावांनी गोठ्यातून बाटली आणली आणि एकेक अक्षर लावत नाव वाचले. डायक्लोफेनॅक. औषध माणसांसाठीचे होते. जनावरांना ते देण्यावर बंदी आहे, कारण असे जनावर खाल्ले की गिधाड मरते.

"मले सांगाले पाहिजे होतं, भाऊ."

"तुमी घरी येसान वाटलं. चहा मांडला होता. तुमी थांबलेच नाही."

नागसेन ओरडू लागला. त्याने दगड फेकले, ते दरीत पडले. उन्मेषने जेवणाचा डबा खडकावर बडवला. कावळे उडाले, पण गिधाडांनी फक्त माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. वळसा घालून पलीकडे पोहोचायला फार वेळ लागणार होता. उन्मेष तरी ट्रॅक्टरकडे धावला.

मी नागसेनच्या डोळ्यांवर होते. नर उडाला, कपारीत उतरला. पिल्लाने चोच उघडली आणि नराने आपल्या गळ्यातला घास तिच्यात ओतला. नागसेनने मला खाली केले नाही. माझी भिंगे आतून ओली झाली, असे मला वाटले. ती बाहेरून ओली झाली होती.

उन्मेषने उरलेली म्हैस पुरली. पण मित्रांनो, ते औषध गिधाडाच्या शरीरात गेले की मूत्रपिंडे काम सोडतात आणि काही दिवसांतच पक्षी मरतो. नंतर आम्ही गेलो तेव्हा मादी कपारीत मान खाली टाकून बसली होती. नर खाली दगडांत सापडला. वनखात्याच्या डॉक्टरांनी त्याला उघडले, तेव्हा यकृतावर खडूसारखा पांढरा थर होता, त्याच औषधाची खूण. पिल्लू आईची चोच ओढत होते. पुढच्या खेपेला मादी दिसली नाही, आणि पिल्लूही नाही.

आता नागसेन त्या गावांत घरोघर जातो, ओसरीवर बसतो, कोणत्या जनावराला कोणती सुई दिली ते विचारतो आणि पक्ष्यांना मारणाऱ्या औषधांची नावे सांगतो. लोक ऐकतात. मात्र तो मला बरोबर नेत नाही, कारण कड्यावर पाहण्यासारखे काही उरलेले नाही.

मित्रांनो, माझी बुरशी पुसली नाहीत तरी चालेल. तुमच्या गोठ्यातले जनावर आजारी पडले, तर डॉक्टरांच्या हातातली बाटली मागून घ्या आणि तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचा. जनावर जिवंत असतानाच वाचा.