डॉक्टरसाहेबाची गारी

मैनाबाईचं पोट दुखायचं ते असं, की धानाच्या रोवणीच्या चिखलातच तिला उकिडवं बसावं लागे. नवरा मोतीलाल तिला लालबर्ऱ्याहून बसनं बालाघाटच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी मान वर केली नाही. ती सांगू लागली तर हातानंच गप्प केलं, बाटलीत लाल औषध दिलं आणि मोतीलालला म्हणाले, "बीमारी-वीमारी कुछ नहीं. नखरा है."

दुखणं राहिलं आणि तो शब्दही घरात शिरला. चूल उशिरा पेटली, नखरा. रात्री कण्हली, नखरा. मोतीलाल हाकच तशी मारी, "ऊठ वो, नखरेवाली!"

शेवटी ती हट्टा गावच्या रुख्माबाईकडे गेली. रुख्माबाई बायांची पोटं चोळून देई. तिनं घोंगडीवर निजवलं, कोमट तेलाचा तळवा बेंबीखाली ठेवला. "सांग माय, कवापासून?" मैनाबाई दिवस कलेपर्यंत सांगत राहिली. पोटातच गेलेल्या लेकराचं, त्यानंतर लगेच उचललेल्या भाऱ्यांचं, सारं. मग दर बाजाराच्या दिवशी चोळणं, मऊ भात, ओझं बंद. धान निसवलं तोवर दुखणं उतरलं.

राग उतरला नाही. तो तिनं बियाण्यासारखा जपला.

माघात मिलवाल्या हिरालालकडे लग्न निघालं. मानाच्या पाटावर तेच डॉक्टर! आणि इथली रीत अशी, की पाहुणा जेवायला बसला की बायांनी त्याला गारी म्हणायची, गाण्यातून शिव्या द्यायच्या. त्यानं हसत ऐकायचं, गारी संपेस्तोवर उठायचं नाही.

मैनाबाईनं पदर खोचला.

"डॉक्टर आला पंगतीले, वाढा याले भात,
नाडी पाह्याले सांगा, तर उचलत नाही हात!"

डॉक्टर हसले. बायांनी सूर धरला.

"पोट धरून रडली त्याले नखरा म्हणतं काय?
अशाच नखऱ्यात तुले व्याली तुही माय!"

घास थांबला. डॉक्टर उठू लागले तसे हिरालालनं हात जोडले, "बैठिए साहब, रीत है."

मग तिनं लेकराचं कडवं घेतलं. पंगत हसायची थांबली. ती थांबली नाही. डॉक्टरांच्या पानातलं तूप थिजलं, कान लाल झाले, आणि ती एकेक ओळ सावकाश, चवीनं गात राहिली.

वरणाची बादली घेऊन मोतीलाल लगबगीनं आला. "पुरे कर वो. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या न," मैनाबाई म्हणाली. "बादली ठेवा खाली, अन् तुमीबी बसा पाटावर. आता तुमची गारी येऊन राह्यली."