नाताळच्या डालीतली बोरं

सोनाबाईच्या नवऱ्याचा जीव त्या पावसाळ्यात वाचला तो कायतान ड्रायव्हरमुळं. सहदेव रेल्वेच्या गँगमध्ये कामाला. घाटात दरड आली म्हणून बघायला गेला आणि ओल्या रुळावर पाय घसरून तिथंच पडला. वरून इंजिन उतरत होतं. कायताननं धुक्यात काहीतरी हललेलं पाहिलं आणि इंजिन थांबवलं. सहदेवाचं नुसत्या फुटलेल्या गुडघ्यावर निभावलं. तेव्हापासून सोनाबाईनं एकच ध्यास घेतला होता, त्या माणसाच्या घरी आपल्या हातचं काहीतरी गेलं पाहिजे.

पण द्यायचं काय? लढाईचे दिवस, साखर रेशनवर, तीही कधी मिळायची, कधी नाही. शेवटी कायतानच्या बायकोनं, फिलोमिनाबाईनंच वाट काढून दिली. कर्जतच्या रेल्वे चाळीत ती दर नाताळला घरोघर डाल्या पाठवायची. वेताच्या टोपलीत रंगीत कागद अंथरून त्यात नेवऱ्या म्हणजे करंज्या, तळलेली गोड कुलकुलं, केकचा तुकडा. यंदा साखरेवाचून तिच्या टोपल्या अर्ध्या रिकाम्या राहणार होत्या.

"गुळाचं काय ते तू कर गो, सोनाबाय," ती म्हणाली. "सगळ्या डाल्यांत तुझंच घालते."

सोनाबाईनं बोरं करायचं ठरवलं. झाडाची नव्हेत. तांदळाच्या पिठात गूळ, खोबरं नि तीळ घालून मळायचं, बोराएवढ्या गोळ्या वळायच्या आणि तेलात खरपूस तळायच्या. तिच्या गावात, नदीपल्याडच्या दहिवलीत, तिच्या बोरांचं नाव होतं, आणि ते नाव आहे हे तिलाही चांगलं ठाऊक होतं.

एक नेम मात्र तिनं आपल्या मनानंच लावून घेतला. नाताळ म्हणजे देवाचा जन्म. गोकुळाष्टमीचा सुंठवडा बाळकृष्ण जन्मल्याशिवाय कुणी तोंडात घालतं का? मग हेही तसंच. देव त्यांचा असला म्हणून काय झालं! तिनं पीठ मळताना बोटाला लागलेला कण चाटला नाही, तळताना फुटलेलं बोर कुणाला दिलं नाही. सगळी बोरं डब्यात भरली आणि नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी सहदेव कामावर जाताना डबा फिलोमिनाबाईकडं देऊन गेला. घरी एक दाणासुद्धा उरला नाही.

दुपारी शेजारची धोंडूबाई विस्तव मागायला आली आणि जाता जाता म्हणाली, "तू दळलंस ना गं, त्याच्या आदल्या सकाळी तुझ्या जावंनं जात्यावर मिरच्या दळल्या. आख्खी आळी शिंकत व्हती. तू नदीवर व्हतीस वाटतं."

सोनाबाई तशीच उठून जात्याकडं गेली.

हे जातं म्हणजे त्या घराचं मोठंच दुखणं होतं. दिवाळीनंतर सहदेव आणि त्याचा धाकटा भाऊ मोरू यांच्या चुली वेगळ्या झाल्या. भांडी वाटली, कोंबड्या वाटल्या. जात्यावर गाडी अडली. ते माझ्या सासूनं मला दिलं, असं सोनाबाई म्हणे. सासू माझी नव्हती का, असं तिची जाऊ विमल म्हणे. शेवटी जातं मधल्या पडवीत तसंच राहिलं आणि दोघींचं बोलणं बंद झालं. एक दळून उठली की दुसरी बसायची, एकमेकींकडं न बघता.

सोनाबाईनं त्या दिवशी पहाटे तांदूळ दळले तेव्हा तिला चांगलीच सर्दी होती. नाकाला वास कळला नव्हता, आणि गुळाच्या रंगात मिरचीचा रंग काय दिसणार? पीठ संपलेलं, बोरं गेलेली. जात्यावर विमलनं परवाच नाचणी दळली होती, त्यामुळं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता ती बोरं फिलोमिनाबाईच्या नावानं साऱ्या चाळीत जाणार. सणाच्या दिवशी लोक गोड म्हणून तोंडात टाकणार आणि ठसका लागून पाण्याला धावणार. ज्या माणसानं आपलं कुंकू राखलं, त्याच्या बायकोला आपण चारचौघांत तोंडघशी पाडणार. आणि विमलनं हे मुद्दामच केलं असणार, याबद्दल तिला तिळभर शंका राहिली नाही.

खरं तर पडवी ओलांडून विमलला विचारलं असतं तर प्रश्न तिथंच मिटला असता. पण अबोला म्हणजे अबोला. सोनाबाईला जावेच्या दारापेक्षा कर्जत जवळ वाटलं. धोंडूबाईला "डबा परत आणाया जाते" एवढंच सांगून ती निघाली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून नदी ओलांडली आणि चाळीकडं जवळजवळ पळतच सुटली.

फिलोमिनाबाईच्या खोलीत भिंतीला लागून टोपल्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत नेवऱ्यांच्या शेजारी सोनाबाईची बोरं तांबूस, गोल, नीटस बसली होती. एकही डाली अजून बाहेर गेली नव्हती. ते बघून सोनाबाई उंबऱ्यातच टेकली.

"बाई, माजी बोरं काढा त्यातनं," ती म्हणाली. आणि मिरचीचं सगळं सांगून टाकलं, जावेसकट.

फिलोमिनाबाईनं एक बोर उचलून हुंगलं. "वास तर तिळाचा येतो. खाऊन बघ की."

"मी नाय खायची. देवाचा जन्म झाल्याबिगर कसं खाऊ? तुमीच बघा."

"मी?" फिलोमिनाबाई हसली. "माझा उपास आहे आज. रात्रीची प्रार्थना होईपर्यंत आमच्यात कुणी गोड खात नाही. माझी स्वतःची कुलकुलं मी अजून चाखली नाहीत गो."

आपल्यासारखंच इथंही देव जन्मल्याशिवाय तोंड गोड करत नाहीत, हे ऐकून एरवी सोनाबाईला केवढा आनंद झाला असता. आत्ता मात्र तिला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

तेवढ्यात दारात कुणीतरी धापा टाकत उभं राहिलं. विमल होती. लुगड्याचा काठ नदीच्या पाण्यानं भिजलेला, केस सुटलेले. सोनाबाई डबा परत आणायला का पळाली, ते धोंडूबाईनं घरी विमललाही सांगितलं होतं, आणि विमल हातातली भाकरी तव्यावर टाकून निघाली होती.

"जाऊबाई," ती म्हणाली. दिवाळीपासून हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. "मिरच्या दळल्या, पन मी जातं साफ केलं व्हतं. वरची तळी उचलून दोन्ही दगड धुतलं, वाळवलं, मंग दोन मुठी तांदूळ दळून टाकलं. ते पीठ जिभेला लावलं तर तिखट. मंग आणिक दोन मुठी दळलं. ते नाय लागलं तिखट."

रेशनच्या दिवसांत चार मुठी तांदूळ म्हणजे पोराच्या ताटातला भात होता.

"तू कशाला केलंस येवढं?" सोनाबाईनं विचारलं.

"तुमी तांदूळ धुऊन वाळत घातलं व्हतं, मला दिसलं की. कुनासाठी ते बी कळलं. भावजी वाचलं ते काय तुमच्या एकलीसाठी? आमाला नको व्हते का ते?"

विमलनं उत्तराची वाट बघितली नाही. टोपलीतलं एक बोर उचलून तिनं सरळ तोंडात टाकलं. "नेम तुमचा हाय, माजा नाय. पाप लागलं तर मला लागू दे."

ती चावत होती आणि बाकीच्या दोघी तिच्या तोंडाकडं बघत होत्या. विमलनं सावकाश गिळलं, जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"गूळ वाईच जास्त झालाय," ती म्हणाली.

सोनाबाई आधी हसली आणि मग रडली. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि तो नुसता मिरचीचा नव्हता हे तिला आता उमगलं. फिलोमिनाबाईनं दोघींना पाणी दिलं आणि कोपऱ्यातून दोन लहान डाल्या पुढं ओढल्या.

"ह्या तुमच्या घरच्या. सहदेव म्हणाला, चुली दोन आहेत, म्हणून दोन केल्या. बरोबर ना?"

सोनाबाईनं विमलकडं पाहिलं. मग एका डालीतलं सगळं काढून तिनं दुसरीत भरलं आणि रिकामी टोपली फिलोमिनाबाईला परत दिली.

"चुली दोन हायेत, बाई. घर येकच हाय."

नदीत पाणी गुडघाभरच होतं, तरी दोघींनी डाली दोन बाजूंनी धरून पार नेली. त्या रात्री घरात ती कुणी उघडली नाही, विमलनंसुद्धा नाही. सकाळी देव जन्मून चांगला उजेड झाल्यावर पडवीत बसून सगळ्यांनी नेवऱ्या खाल्ल्या. जातं तिथंच मधोमध होतं. ते कुणाच्या बाजूला ठेवायचं हे पुन्हा निघालं नाही. दळायला मात्र दोघी समोरासमोर बसू लागल्या, एकाच खुंट्याला हात घालून.