काळीज आवळणारे महाराज

महाराजांची नाडी थांबली आणि लोणावळ्याजवळच्या औंढ्यात जयजयकार झाला. साध्या माणसाची नाडी थांबली की लोक रडतात, महाराजांची थांबली की नारळ फोडतात.

गावातल्या जाणत्या कोंडाजी आबांनी दोन्ही मनगटं चाचपून निर्वाळा दिला, "ठार बंद!"

ठार बंद असलेले महाराज म्हणाले, "बच्चा, आम्ही काळीज आवळलंय. रोगाला शिरायला फटच नाही. या माउलीचं काळीज सैल पडलंय, म्हणून दम लागतो. आवळा!"

माउली म्हणजे अंबूबाई. पाय सुजलेले, आडवं झालं की जीव गुदमरायचा; बिचारी भिंतीला टेकून झोपायची. उपाय ठरला तो असा: छातीला ओला दोर करकचून बांधायचा, उताणं निजवायचं आणि वर पाटा ठेवायचा. पाट्यावर मिरच्या वाटायच्या की नाही, एवढंच महाराजांनी सांगितलं नव्हतं.

"आडवी नगं करू रं," अंबूबाई धापत म्हणाली. "मरंन मी."

"आये, महाराज म्हनत्यात न्हवं?" लेक रखमाजी दोर भिजवत होता.

तेवढ्यात त्याची बायको सरुबाई लोणावळ्याहून श्रीपादराव डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी अंबूबाईचा रक्तदाब मोजला, छाती ऐकली.

"काळीज सैल नाही, ताठरलंय. बरीच वर्षं रक्तदाब वाढलेला असणार. रखमाजी, तुझी कातड्याची मोट वाळून कडक झाली तर विहिरीत भरते का?"

"कशी भरंल? कातडं उकलतच न्हाई. अर्धीच येती वर."

"आणि बैल?"

"बैलं वढत्यात की! पन आत पानी नगं?"

"तेच झालंय. आईचं काळीज ओढतंय नीट. पण दर ठोक्यानंतर ते सैल पडायला हवं, तेव्हा आत रक्त भरतं. हे कडक काळीज पसरतच नाही. मग रक्त मागं फुफ्फुसांत तुंबतं. आडवं केलं की पायांकडचंही तिकडं येतं. त्यावर तू पाटा ठेव."

रखमाजीच्या हातून दोर गळाला.

"नास्तिक!" महाराज गरजले. "मग आमची नाडी कशी थांबली?"

डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली आणि दुसरं टोक आबांच्या कानात दिलं.

"आगं आई! हितं तर वरातीचा ताशा वाजतोय!"

"महाराज, हात वर करा," डॉक्टर म्हणाले.

"समाधीत हात वर होत नसतात."

आबांनी सरळ गुदगुल्या केल्या. समाधी खिदळली, हात उडाले आणि कफनीतून दोन बटाटे घरंगळले.

"बगलेत बटाटा दाबला की हाताकडं जाणारी रक्तवाहिनी दबते," डॉक्टर म्हणाले. "नाडी मनगटापुरती थांबते. काळीज चालूच असतं."

"प्रसाद आहे तो!" म्हणत महाराज पळाले. काळीज बंद असलेल्या माणसाच्या मानानं बरेच जोरात पळाले.

डॉक्टरांनी औषध दिलं, मीठ तोडलं, पाठीला तक्के लावायला सांगितले. "पूर्ण बरी होईल असं म्हणत नाही. दम कमी होईल." महाराजांनी मात्र पक्की खात्री दिली होती. खात्री देणारा पळाला. न देणारा पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासायला आला.

तोवर सूज उतरली होती. सरुबाईनं ते बटाटे चांगले दोनदा धुऊन अळणी भाजी केली होती. तक्क्याला टेकून अंबूबाईनं घास घेतला आणि म्हणाली, "असली मेली भाजी बैलबी खायाचा न्हाई, सरू, तुज्या हाताला चवच ऱ्हायली न्हाई बग!"

सगळं एका दमात. रखमाजी चुलीकडं तोंड करून डोळे पुसत होता.

तेव्हा मंडळी, कुणी नाडी थांबवून दाखवली तर पाया जरूर पडा. आधी त्याला हात तेवढे वर करायला लावा.