राक्षसाचा श्वास

"पडदे ओढ ना जरा. लख्ख उजेडात असला सिनेमा बघण्यात काय मजा?" धाकटा भाऊ म्हणाला.

ताईने खिडकीचे पडदे ओढले आणि ती त्याच्या शेजारी येऊन बसली. पडदे तिनेच शिवलेले. गल्लीतल्या निम्म्या घरांचेही तिनेच शिवले होते. आईच्या दम्यामुळे घर सोडून नोकरी करणं शक्य नव्हतं, म्हणून तिने ऐन विशीत शिलाई मशीन घेतलं आणि पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी शिवता शिवता साठी गाठली. लग्नाचा विषय अधूनमधून निघायचा, मग निघेनासा झाला. आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

धाकटा सिनेमांसाठी आवाज तयार करायचा. पावलांचे, दारांचे, पावसाचे. तरुणपणी त्याने एका भीतिपटाचं काम केलं होतं. आकाशातून काहीतरी येऊन गावाच्या पाण्याच्या टाकीत पडतं. ते कुणाला दिसत नाही, फक्त नळांतून त्याचा श्वास ऐकू येतो. सिनेमा तुफान चालला. ताईने मात्र तो पाहिला नव्हता. थेटरात जायचं तर आईपाशी कोण बसणार? आता कुणीतरी तोच सिनेमा नव्याने काढला होता आणि त्याची डिस्क घेऊन धाकटा आला होता.

टीव्हीच्या पडद्यावर एका बाईने स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाणी आलं नाही. ती वाकून नळाच्या तोंडाशी बघू लागली, आणि आतून श्वास आला.

ताई उठली. झपझप आतल्या खोलीत गेली, पलंगाशी वाकली आणि उशी उंच करायला तिने हात घातला. हाताला कापडाचे तागे लागले. आईच्या पलंगावर ती आता कापड ठेवायची. ती तशीच ओणवी थांबली. मागून, बाहेरच्या खोलीतून, श्वास येतच होता. दोन आखूड, मग अडकलेली शिट्टी, मग एक लांब, कण्हत सुटलेला.

बाहेर येऊन ती म्हणाली, "थांबव ते."

त्याने थांबवलं.

"आई आहे ही."

धाकट्याने रिमोट मांडीवर ठेवला. "जुनाच आवाज घेतलाय त्यांनी. मला वाटलं होतं, सगळं नव्याने केलं असेल."

"तू आईचा दमा टेप केलास?"

"तिनेच करायला लावला. मी भाता, सायकलचा पंप, काय काय घेऊन बसलो होतो, काही जमेना. तर मला म्हणाली, अरे, घरात एवढा राक्षस पोसलाय आणि तू बाहेर कुठे शोधत फिरतोस? आण ते तुझं यंत्र. फक्त ताईला सांगू नकोस म्हणाली."

"का?"

"तू दोघांनाही फाडून खाल्लं असतंस."

"खाल्लंच असतं," ताई म्हणाली. मग तिने विचारलं, "ऐकवलंस तिला?"

"ऐकवलं की. म्हणाली, अगंबाई, मी एवढी भयंकर? आणि हसता हसता उबळ आली तिला."

ताई खाली बसली. "परत लाव."

या वेळी तिने डोळे मिटून घेतले. श्वासाच्या मागे आणखी काहीतरी होतं. बारीक खटखट. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची.

"हे मागे काय वाजतंय?"

"ते दात. म्हणजे, लोक दात समजतात. त्या आवाजाने थेटरात भल्याभल्यांची गाळण उडायची."

"आणि खरं काय?"

"तू. बाहेर शिवत होतीस. दार लावलं तरी मशीन आत ऐकू यायचं. मी काढून टाकणार होतो, पण आमचे साहेब म्हणाले, राहू दे, हेच तर भयानक आहे."

ताईने पुन्हा कान दिला. शिट्टी अडकली की खटखट थांबत होती. श्वास मोकळा झाला की पुन्हा चालू होत होती. ती कुठली दुपार, काय शिवत होती, तिला काही आठवेना; तशा दुपारी हजारो गेल्या होत्या. मशीन थांबलं. भिंतीपलीकडे कुणीतरी पाय उचलून धरून, सुई कापडात तशीच ठेवून, श्वास रोखून ऐकत होतं. ताईच्या मानेवर काटा आला. भिंतीपलीकडची ती बाई, ती स्वतःच, आईचं ऐकत होती, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला वाटलं, ती आपल्यालाच ऐकते आहे.

जाताना धाकट्याने डिस्क काढायला हात पुढे केला.

"असू दे," ताई म्हणाली.

त्यानंतर दुपारचं जेवण उरकलं, की ती पडदे ओढून घेऊ लागली. एकदा शेजारीण उशांचे अभ्रे न्यायला आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"एकट्या घरात असलं काय लावून बसता हो? ऐकवत नाही मला तर."

"मला सवय आहे," ताई म्हणाली आणि अभ्रे घडी करून तिच्या हातात दिले.

शेजारीण गेल्यावर ती पुन्हा येऊन बसली. पडद्यावर गावातली माणसं मशाली घेऊन टाकीची शिडी चढत होती. आतला श्वास आता आखडत चालला होता. दोन आखूड, शिट्टी, पुन्हा दोन आखूड. दवाखान्यात आईजवळ शेवटी कुणीच नव्हतं. ताई धुतलेले कपडे आणायला घरी आली होती. परतली तेव्हा कॉटवर नवी चादरही घालून झाली होती.

चौघांनी टाकीचं झाकण धरलं. ताईने बटण दाबलं. पडदा काळा झाला.

पुढचं तिने अजून पाहिलेलं नाही.