महाराजांची फुंकर

राजूरच्या बाजारात एका तंबूभोवती माणूस माणसाला खेटून उभा होता. धूरहारी महाराजांनी निवळ पाण्याचा पेला उंच धरला, त्यात नळी घातली आणि एका बिडीबाजाला फुंकायला लावलं. पाणी बघता बघता दुधाळ झालं.

"निंगालं! छातीतलं सारं जहर निंगालं! आता हा बिडी पेटवीन, तं बिडीच जळून खाक होईन!"

पेटवलेली बिडी जळून खाकच होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. टाळ्या पडल्या.

गर्दीच्या कडेला भावसिंग उभा होता. मागच्या बाजारी त्याचंही जहर असंच निघालं होतं. कोळसा खाणीतून निवृत्त झालेला, बायको वारलेली, तांड्यातल्या घरात एकटा. तांड्यात रोज ओढणाऱ्यालाच व्यसनी म्हणत. भावसिंग कधीमधी ओढायचा, म्हणून तो स्वतःला बिडीबाज समजतच नव्हता. मुलगी ममता मात्र ऐकेना. तिच्या तान्ह्या बाळाला धाप लागायची. "बा, बिडी पुरी सुटली तरच लेकराले आणीन," असं तिनं बजावलं होतं. जहर निघाल्यावर भावसिंगनं फोनवर सांगून टाकलं, "सुटली, बाई." ती रविवारी येणार होती, आणि काल त्यानं पुन्हा बिडी पेटवली होती.

तो पुढे सरकला. "महाराज, मले पुन्हा तलफ आली."

"श्रद्धा पातळ, दुसरं काय!" महाराज गरजले. "पाणी खोटं बोलते काय? तूच खोटा!"

भावसिंगची मान खाली गेली.

"महाराज, एक विचारू?" सरकारी दवाखान्यात व्यसन सोडवायला मदत करणारी समुपदेशक वैष्णवी पुढे आली. "तुम्ही कधी बिडी ओढली?"

"शिव शिव! जन्मात नाही."

"मग तुम्ही फुंका. तुमच्या छातीत जहर नाही, तर पाणी निवळच राहायला हवं."

"आमची फुंकर अशी वाया घालवता येत नाही."

"काहून भेता महाराज? फुंका नं!" म्हातारी सुखीबाई ओरडली, आणि मग सगळेच ओरडू लागले.

महाराजांनी निवळ पाण्याचा दुसरा पेला घेतला, नळी तोंडात धरली आणि नुसतेच गाल फुगवले. "अजून जोरात," वैष्णवी शांतपणे म्हणाली. त्यांनी फुंकलं. पाणी दुधाळ झालं.

"अबे, महाराजाच्या छातीतबी जहर निंगालं!" कुणीतरी म्हणालं, आणि तंबू हसण्यानं हलला.

"ही चुन्याची निवळी आहे," वैष्णवीनं सांगितलं. "चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, त्यानं ते पांढरं होतं. बिडी ओढणाऱ्याच्याही, न ओढणाऱ्याच्याही."

लोक हसत पांगले. भावसिंगला हसू आलं नाही. त्याच्याकडे तेवढा एकच चमत्कार होता.

वैष्णवीनं त्याला दवाखान्यात नेलं. "काका, कधी ओढावीशी वाटते?"

"सांज झाली का. घरात बोलाले कोनी नसते. बिडी पेटवली का कोनीतरी आल्यासारखं वाट्टे."

तिनं खुर्ची जवळ ओढली. "मग त्या वेळेचं काय करायचं, हे आपल्याला आधी ठरवावं लागेल. कमी ओढणाऱ्याला औषधापेक्षा बोलण्याचाच आधार जास्त लागतो. डॉक्टरांना गरज वाटली तर ते निकोटिनची च्युइंगगम देतील. ती सावकाश चावायची आणि गालात धरून ठेवायची. तलफ उतरते, धूर छातीत जात नाही."

"अन् पुन्हा ओढली तं?"

"तर पुन्हा या. काय झालं ते सांगा. औषध कुणाची श्रद्धा मोजत नाही."

चमत्कार फसला की दोष भक्तावर येतो, आणि तो लाजेनं गप्प होतो. उपचार फसला तर उपचार बदलता येतो. त्यासाठी खरं मात्र सांगावं लागतं. जिथे प्रश्न विचारल्यावर शिवी मिळते, तिथून उठावं. जिथे उत्तर मिळतं, तिथे बसावं.

दवाखान्याच्या पायरीवर बसून भावसिंगनं फोन लावला.

"ममता, मी खोटं बोललो. काल ओढली. रविवारी लेकराले नको आणू."

"बा, कायले लपवलं?"

"तू येशीन म्हणून."

"या रविवारी नाही येत मी," ती म्हणाली. "पन फोन नको ठेवू, बा."

त्यानं ठेवला नाही. पलीकडे बाळाचा श्वास बारीक घरघरत होता, आणि भावसिंग तो कान लावून ऐकत राहिला.